गोधडीचं पोट

कमलबाईंनी रत्नपालला बाजारातून पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणायला पाठवलं होतं. काम एवढंच होतं. दोरा हातात देऊन तो गप्प बसला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रत्नपाल रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला होता आणि निकालाला दोन वर्षं होऊन गेली तरी त्या पदवीला कुणी काम दिलं नव्हतं. रिकामी पदवी घरात पडून राहिली की ती स्वतःच स्वतःसाठी काम शोधते.

साल दोन हजार, फेब्रुवारीचा शेवट. वसमतच्या बाजारात नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. रत्नपालची थोरली बहीण करुणा पहिल्या बाळंतपणासाठी हिंगोलीहून माहेरी आली होती. नामकरणाच्या दिवशी बाळाच्या अंगाखाली आपल्या हातची गोधडी असलीच पाहिजे, हे कमलबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. बाळाला अजून दोन महिने होते, घाई डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सरकारी शिबिरात पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"दिसून राहिलं तवर एक काढते," त्या म्हणायच्या. "ही माझ्या हातची शेवटची. मंग डोळे कसे निघतेत कुणाला ठाव."

वरच्या बाजूसाठी हरिचंद शिंप्यानं पिशवीभर कतरण दिली होती. शाळेच्या गणवेशाचं निळं, ब्लाउजांचं चकचकीत, सदऱ्यांचं रेघारेघांचं, अशा दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या. त्या एकीला लागून एक तिरप्या शिवत न्यायच्या. पण असल्या अरुंद पट्ट्यांचं एकमेकींशी जमत नाही. एक ताणली जाते, दुसरी आखडते आणि चौकोन म्हणून सुरू झालेली वस्तू पतंग होऊन संपते. म्हणून त्यांच्याखाली एक अखंड कापड धरतात आणि सगळे टाके त्या कापडातून नेतात. कमलबाई त्या कापडाला गोधडीचं पोट म्हणत.

रत्नपालनं रिळं दिली, पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "माय, पोटाला कोणतं कापड घ्यावं हे कुणी ठरवलं?"

"कुणी काहून ठरवावं? जुनं सुती घ्यायचं."

"जुनं म्हणजे किती जुनं? आणि सुती म्हणजे शंभर टक्के सुती का?"

कमलबाईंनी सुई थांबवली. पोराला उन्हाचा त्रास झाला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "तू सुईत दोरा घालून दे," त्या म्हणाल्या.

त्यानं दोरा घालून दिला आणि आत जाऊन दोनशे पानी वही काढली. रकाने आखले. नमुना क्रमांक, कापड, ताकद, धुतल्यावर आखडणं, रंग सुटणं, मऊपणा. मऊपणा मोजायचं साधन घरात नव्हतं, म्हणून त्या रकान्यात शून्य ते दहा गुण द्यायचं ठरलं. गुण देणार रत्नपाल. या विषयावर आजवर कुणी पद्धतशीर काम केलेलं नसावं, याची त्याला जवळजवळ खात्री होती. काम कुणी का केलं नसेल, हा प्रश्न त्याला पडला नाही.

ही बातमी गल्लीत फिरायला एक दुपार पुरली. लोकांना सल्ला द्यायला विषय हवाच होता. हरिचंद शिंपी म्हणाला, "रद्दी घे. कागदावर शिवायचं, मंग कागद फाडून काढायचा. मंबईला तसंच करून राहिलेत."

"तुम्ही बघितलं?"

"ऐकलं. बघितल्यावानीच."

रद्दी झाली नमुना एक. चौकोन शिवून झाल्यावर कागद फाडला, तर निम्मे टाके कागदाबरोबर निघून आले आणि पांढऱ्या पट्टीवर हळदीचे बाजारभाव उलटे उमटले. शेजारच्या शालूबाईंनी युरियाचं पोतं सुचवलं. "पान्याचा थेंब खाली जायचा न्हाई. लेकराखाली त्येच पाह्यजे."

"मावशी, लेकरू हाय का ऊस?" करुणा आतून ओरडली.

तरीही रत्नपालनं पोत्याला नमुना दोन म्हणून जागा दिली. शास्त्राला आवडनिवड नसते. एस.टी.त कंडक्टर असलेले वडील, रामजी, यांनी मच्छरदाणी सुचवली. आयुष्यभर बंद खिडक्यांच्या गाडीतून फिरल्यामुळे ते कुठल्याही वस्तूकडे हवा खेळते की नाही याच नजरेनं बघत. मच्छरदाणी नमुना तीन. दुकानातला कोरा मांजरपाट चार. पाचवा नमुना रत्नपालनं स्वतः शोधला, आणि त्याचा त्याला विशेष अभिमान होता. हळद दळायच्या गिरणीच्या तोंडाला जी कापडी बाही बांधतात, तिचं कापड दाट आणि वापरून मऊ झालेलं असतं. गिरणीवाल्यानं जुनी बाही फुकट दिली. तीन वेळा साध्या पाण्यातून काढल्यावर तिचा पिवळेपणा उतरून बिस्किटासारखा रंग आला. रत्नपालनं वहीत लिहिलं, 'रंग: स्थिर.'

सहाव्या नमुन्यानं मात्र त्याची सरकारशी गाठ घालून दिली.

त्याचा वर्गमित्र विजयकुमार, हट्टा गावचा, तालुक्यातल्या एका कचेरीत लिपिक होता. कुठल्याशा जुन्या मोहिमेचे कापडी फलक त्याच्या टेबलाखाली गठ्ठा बांधून पडले होते. अस्सल मांजरपाट, दोन पावसाळे भिजून मऊ पडलेला. रत्नपालनं मागितला. विजयकुमार म्हणाला, अर्ज दे. त्यानं अर्ज दिला, कारणात लिहिलं, 'वैज्ञानिक चाचणीसाठी'.

विजयकुमारनं कपाळावर हात मारला. "अरे, गोधडी लिहायचं ना. सायबांनी हसून सही केली असती. वैज्ञानिक लिवलं, आता वर पाठवणं आलं."

"वर म्हणजे?"

"आदी परभणीला जायचं. आता आपला जिल्हा हिंगोली. पण सामानाची वही परभणीहून आली न्हाई. वही येईस्तोवर हे कापड परभणी जिल्ह्यात हाय."

"ते तुझ्या टेबलाखाली आहे, विजा."

"दिसायला हाय."

रत्नपालनं तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा शिक्का दौऱ्यावर होता. तिसऱ्यांदा साहेबही होते आणि शिक्काही होता, पण साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघून, "गोधडीची चाचणी? घरी बायका नाहीत का?" असं विचारलं आणि सगळी कचेरी हसली. बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही त्याचा एवढा अपमान झाला नव्हता. तो तरातरा निघून गेला आणि दोन दिवसांनी, कापड तर हवंच होतं म्हणून, परत आला.

चौथ्या खेपेला विजयकुमारलाच दया आली. "उंदरानं खाल्लं असं लिवतो, घिऊन जा. फकत सांग, उंदीर किती मीटर खाऊ शकतो?"

रत्नपालनं उंदराचं वजन, फलक पडून असलेला काळ आणि गोधडीचं माप यांचा विचार केला. "चार," तो म्हणाला.

फलकावर लाल तैलरंगात हातभर अक्षरांनी 'दोन मुलं पुरेत' लिहिलेलं होतं.

तो कचेरीत ही लढाई जिंकत होता, त्या वेळी घरी कमलबाईंनी लोखंडी पेटीच्या तळातून एक गाठोडं काढलं. आत त्यांच्या आईचं, नर्मदाबाईंचं, पांढरं नऊवारी लुगडं होतं. ते नेसून नर्मदाबाई छप्पन साली कुरुंद्याहून वसमत स्टेशनपर्यंत चालत आणि तिथून रेल्वेनं नागपूरला, दीक्षेला गेल्या होत्या. पुढं वर्षातून दोन-तीन दिवस नेसून, धुऊन, घडी घालून त्यांनी ते चाळीस वर्षं वापरलं आणि जाताना लेकीला सांगितलं, करुणीच्या पहिल्या लेकराखाली घाल, पेटीत ठेवून कसर लावू नको. कमलबाईंनी पोटाचं कापड केव्हाच ठरवलेलं होतं. पोराचा खेळ त्यांनी चालू दिला होता, कारण पोरगा दोन वर्षांनी कशात तरी रमला होता आणि महिन्याभरात त्यानं भिंतीकडे तोंड करून झोपणं सोडलं होतं.

शालूबाईंना लुगडं दाखवून झालं. उद्या पोट कापू, आज ऊन दाखवू, म्हणून कमलबाईंनी ते अंगणातल्या बाजेवर पसरलं आणि करुणाला घेऊन तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या. शालूबाई हळद निवडायला गेल्या. घरात कोणी नव्हतं.

रत्नपाल फलक खांद्यावर टाकून आला आणि बाजेजवळ थबकला. त्यानं कापड बोटांत धरलं. मग डोळे मिटून धरलं. महिनाभर तो ज्याला दहापैकी दहा देण्यासाठी थांबला होता, ते कापड त्याच्याच अंगणात होतं.

मांजरपाट कुठल्या गिरणीचा, हे त्यानं दुकानदाराला विचारलं होतं. बाही किती वर्षं वापरली, हे गिरणीवाल्याला विचारलं होतं. फलक कोणत्या सालचे, हे विजयकुमारला दोनदा विचारलं होतं. हे कापड कुणाचं, एवढं मात्र त्यानं कुणालाच विचारलं नाही. विचारायला घरात कोणी नव्हतं हे खरं, पण मायलेकी तासाभरात परत येणार होत्या, हेही त्याला ठाऊक होतं.

त्यानं वहीत लिहिलं, 'नमुना क्रमांक सात. पांढरं सुती, घरातलं.' आणि कात्री घेतली.

एखाद्या अडाण्यानं कोपऱ्यातून वीतभर कापड कापलं असतं आणि नऊ वार लुगड्याचं काही बिघडलं नसतं. रत्नपाल शिकलेला होता. नमुना एका जागेवरून घेतला तर तो सगळ्या मालाचा नसतो, हे त्याला प्राध्यापकांनी बजावलेलं होतं. म्हणून त्यानं दोन्ही टोकांकडून घेतलं, मधून घेतलं, काठाजवळून घेतलं, एकदा उभं, एकदा आडवं. प्रत्येक तुकडा पट्टी लावून, सरळ. काम इतकं नेटकं झालं की शेवटी बाजेवर कापडापेक्षा भोकं जास्त राहिली.

मग ताकदीची चाचणी. चौकटीच्या खिळ्याला तुकडा बांधायचा, खाली बादली, आणि बादलीत तांब्या-तांब्यानं पाणी. मच्छरदाणी मागेच चार तांब्यांवर गेली होती, फलक आत्ता नवावर गेला. सातव्या नमुन्यानं अकरा तांबे तोलले. बारावा पडत असताना शालूबाई, "कमलबाई आल्या का?" म्हणत दारातून आत आल्या. तुकडा फाटला, बादली उलटली आणि शालूबाई कमरेपर्यंत भिजल्या.

"मेल्या, आंगुळ झाली की माझी!"

"मावशी, अकरा! अकरा तांबे!" रत्नपाल आनंदानं ओरडला. शालूबाई लुगडं बदलायला तशाच माघारी फिरल्या. रागाच्या भरात त्यांनी बाजेकडे बघितलं नाही, हेही त्या दिवसाच्या नशिबातच होतं.

राहिली होती उकळण्याची चाचणी. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून त्यानं कागद आणि युरियाचं पोतं सोडून बाकीचे सगळे नमुने एकत्र उकळायला घातले. सातव्याचे तर बाजेवरचे उरलेसुरले सगळे तुकडे घातले, कारण जितके नमुने जास्त तितका निष्कर्ष पक्का. सगळ्यांना एकच पाणी, एकच आच. निःपक्षपाती प्रयोग.

पाव तासात पातेलं लालभडक झालं.

हळदीच्या कापडाला सोडा लागला की लाल होतं, हे या भागात धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. रत्नपालला ते कारणासकट माहीत होतं. अकरावीच्या प्रात्यक्षिकात त्याला याच प्रयोगाला पूर्ण गुण मिळाले होते. आपण 'रंग: स्थिर' असं लिहिलेल्या बाहीतली हळद साध्या पाण्यानं पुरती गेलेली नव्हती, सोडा लागला की ती लाल होऊन सुटणार होती, हे त्याला पातेल्याकडे बघताना आठवलं. घाईनं त्यानं दोन लिंबं पिळली. लिंबानं लाल जाऊन पिवळं येतं, हेही पुस्तकात आहे आणि तसंच झालं. सातवा नमुना लाल होता तो पिवळा झाला, पांढरा काही झाला नाही.

मायलेकी आल्या तेव्हा सगळे तुकडे क्रमानं दोरीवर वाळत होते आणि रत्नपाल वही घेऊन उभा होता. रंगाचं सोडलं तर त्याचा प्रयोग उत्तम झाला होता. संध्याकाळच्या उजेडात कमलबाईंना रंग कळण्याजोगं दिसतच नव्हतं. त्या दोरीखालून हातानं चाचपत निघाल्या. मच्छरदाणी, मांजरपाट, बाही, फलक. पुढच्या तुकड्यावर त्यांचा हात थांबला. तिथून हलला नाही.

"हेच पहिलं आलं, माय!" रत्नपाल म्हणाला. "तुला हात लावल्याबरोबर कळलं बघ. अकरा तांबे. उकळून आखडलं नाही. मऊपणा दहापैकी दहा. मी असं कापड बघितलंच नाही."

कमलबाईंनी त्याला सगळं वाचू दिलं. आकडे संपल्यावर त्यांनी विचारलं, "आजून किती हाय ह्ये?"

"हेच. बाकीचं चाचणीत गेलं."

करुणानं तोंडावर हात ठेवला. "रतन," ती म्हणाली, "नर्मदा आजीचं लुगडं व्हतं ते. नागपूरचं."

रत्नपालच्या हातात वही उघडीच राहिली. कमलबाई त्याला बोलल्या असत्या, एखादी थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्येनं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." सगळे तुकडे त्यांनी दोरीवरून काढले, एकावर एक ठेवले आणि आत नेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते तुकडे जोडून पोट शिवायचा प्रस्ताव मांडला. कमलबाईंनी मान हलवली. "फाटकं न्हाई घालायचं लेकराखाली. मायनं अख्खं दिलं व्हतं." हळदीचा डाग उन्हानं उडतो, म्हणून त्यानं आठ दिवस तुकडे उन्हात ठेवले. ते खरोखर पांढरे झाले. या सबंध प्रकरणात त्याचा तेवढाच एक अंदाज बरोबर आला, आणि तो त्यानं वहीत लिहिला नाही.

गोधडीला पोट म्हणून शेवटी फलक लागला, अक्षरं आतल्या बाजूला करून. तारीख दारात आली होती, कमलबाई निम्म्या पट्ट्या शिवून ऑपरेशनला गेल्या आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परत आल्या. उरलेली गोधडी रत्नपालनं शिवली. त्या शेजारी बसून टाक्यांवरून बोटं फिरवत.

"मोठा हाय टाका."

"पाऊण सेंटिमीटर आहे, माय."

"लेकराला सेंटिमीटर कळतेत का? टोचंल त्येला. उसव."

तो उसवायचा. बोटांना सुया टोचून त्याची वही धरायची बोटं सुजली. पुढच्या बारा दिवसांत त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही, आणि कमलबाईंना तेच जास्त अवघड जात होतं.

करुणाला मुलगी झाली. नामकरणाला अंगणात मांडव पडला, बौद्धाचार्यांनी त्रिसरण पंचशील दिलं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली. मुलीचं नाव सपना ठेवलं. पाळण्यातून तिला उचलल्यावर करुणाच्या सासूबाई, पारुबाई, यांनी गोधडी हातात घेतली. आमच्याकडच्या बायका गोधडीच्या वरच्या रंगांकडे फार वेळ बघत नाहीत. अंगठा आणि बोटात धरून चोळतात आणि विचारतात, पोटाला काय घातलं? कुणी सांगतं, सासूचं लुगडं. कुणी सांगतं, मामांचं धोतर. मग त्या सासूचा स्वभाव, त्या मामांची पाटीभर भाकरी खायची सवय, असं बोलणं सुरू होतं आणि गेलेलं माणूस घटकाभर त्या बायकांत येऊन बसतं.

पारुबाईंनी गोधडी चोळली. "पोटाला काय घातलं, इहीनबाई?"

या प्रश्नाचं उत्तर कमलबाईंजवळ चार वर्षं तयार होतं. करुणानं मान खाली घातली. शालूबाईंनी तोंड उघडलं, तर कमलबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. रत्नपाल पेढ्यांचं ताट घेऊन दोन हात अंतरावर उभा होता.

"माझ्या लेकाची बी.एस्सी. घातली," कमलबाई म्हणाल्या.

सगळा मांडव हसला. रामजी हसले, हिंगोलीची मंडळी हसली, विजयकुमार तर डोळे पुसायला लागला. रत्नपालही हसला.

"जरा कडक लागती," पारुबाई म्हणाल्या.

"मऊ हुईल धुऊन धुऊन. टाईम लागंल."

हसणं ओसरलं. पारुबाईंनी गोधडीची घडी घातली आणि बोलणं हिंगोलीच्या नव्या कचेऱ्यांवर गेलं. रत्नपाल ताट घेऊन तिथंच थांबला. त्याच्या आजीनं कुरुंद्याहून निघताना बरोबर काय बांधून घेतलं होतं, गाडीत तिच्यासोबत कोण होतं, तिथं पोचल्यावर ती काय म्हणाली, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. आज ते कानावर पडलं असतं. आपणच विचारावं, असं त्याच्या मनात आलं, पण एवढ्या माणसांत कोणत्या तोंडानं विचारायचं, ते त्याला कळेना.

"रतन," कमलबाईंनी पट्टी बांधलेला डोळा त्याच्या बाजूला वळवला, "उभा काहून? पेढे फिरव."

त्यानं पेढे फिरवले.